तोफेचं बूच काढायचं राहिलं: १९४२, पाणबुड्या आणि किनाऱ्यावरचं तेल

खारा_वारा (धागाकर्ता)

कोकणातल्या रिफायनरीवरच्या मागच्या धाग्यात (त्याला कुलूप लागलं, बरंच झालं) तीन-चार जणांनी एक मुद्दा मांडला होता. किनाऱ्यावर तेलाच्या टाक्या म्हणजे शत्रूला आयतं निमंत्रण, एक पाणबुडी येईल, चार गोळे टाकील आणि सगळं भस्म. रिफायनरी असावी की नसावी यात मला पडायचं नाही. पण पाणबुडीनं येऊन चार गोळे टाकायचा प्रयोग खरोखर झालेला आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये, आठवड्याच्या अंतरानं दोनदा, एकदा जर्मनांनी आणि एकदा जपान्यांनी. काय झालं ते लिहितो, मग भांडू.

पहिलं ठिकाण अरुबा. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, डच अमलाखालचं एक चिमुकलं कोरडं बेट. तिथे सान निकोलासला लागो कंपनीची रिफायनरी होती, तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. शेजारच्या कुरासाववर शेलची. आता तेल व्हेनेझुएलाच्या माराकाइबो सरोवरातलं आणि रिफायनऱ्या बेटांवर, हे कशाला? तर सरोवराच्या तोंडाशी वाळूची पट्टी होती, मोठं जहाज आत जाईना. म्हणून उथळ पाण्यात चालणारे छोटे टँकर बांधले. ते सरोवरातून कच्चं तेल भरायचे, बेटावर रिकामे करायचे आणि परत जायचे. एसटीच्या शटलसारखं, रात्रंदिवस. ब्रिटनच्या विमानांच्या पेट्रोलचा मोठा भाग या बेटांवरून जात होता. हे छोटे टँकर लक्षात ठेवा, पुढे लागतील.

जर्मनीच्या मोहिमेचं नाव होतं नॉयलांड. पाच पाणबुड्या कॅरिबियनमध्ये पाठवल्या. इथे वरिष्ठांत मतभेद होता. बर्लिनमध्ये नौदलप्रमुख रेडर आणि त्याच्या मंडळींना रिफायनऱ्यांवर तोफा डागायच्या होत्या. पाणबुड्यांचा प्रमुख ड्योनित्झ म्हणत होता, आधी टँकर.

यू-१५६ ही १९ जानेवारीला फ्रान्समधल्या लोरियाँहून निघाली. कप्तान वेर्नर हार्टेनश्टाइन. अरुबापाशी पोचल्यावर त्यानं आधी पाहणी केली. ब्लॅकआउट वगैरे काही नाही, रिफायनरी दिवाळीसारखी उजळलेली. १६ फेब्रुवारीच्या रात्री दीडच्या सुमारास त्यानं सान निकोलासच्या बंदराबाहेर नांगरलेल्या दोन टँकरांवर टॉर्पेडो सोडले, पेडेर्नालेस आणि ओरान्येस्टाड. दोन्ही पेटले. आता पाळी रिफायनरीची. टॉर्पेडो पाण्यातून जातो, तो काही रस्ता ओलांडून टाकीपर्यंत चालत जात नाही. त्यामुळे डेकवरची १०.५ सेंटिमीटरची तोफ सज्ज केली, हुकूम दिला आणि पहिलाच गोळा नळीत फुटला.

पाणबुडी पाण्याखाली जाते, म्हणून तोफेच्या तोंडाला पाणी शिरू नये असं बूच बसवलेलं असतं. अंधारात, घाईत ते काढायचंच राहिलं होतं.

तोफेवरचा एक माणूस गेला. तोफखान्याचा अधिकारी फॉन डेम बोर्न याच्या पायाच्या चिंधड्या झाल्या. हार्टेनश्टाइननं मग ३७ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफेनं मारा करून पाहिला. सोळा गोळे गेले आणि एका टाकीला पोचा पडला. जगातल्या एका मोठ्या रिफायनरीवरच्या हल्ल्याचं फळ: पोचा.

तिथून तो बेटाच्या दुसऱ्या बंदराकडे सरकला आणि धक्क्याला लागलेल्या आर्कान्सास टँकरवर तीन टॉर्पेडो टाकले. एक लागला. एक न फुटता वाळूत जाऊन रुतला आणि दुसऱ्या दिवशी तो निकामी करताना चार डच नौसैनिक ठार झाले. जखमी अधिकाऱ्याला हार्टेनश्टाइननं मार्टिनिकला उतरवलं, फ्रेंचांच्या हवाली केलं. आणि फाटलेल्या तोफेची नळी? ती त्यांनी समुद्रातच करवतीनं कापून आखूड केली आणि पुढे तीच वापरली!

आता खरी गोष्ट. त्याच रात्री यू-५०२ नावाची दुसरी पाणबुडी व्हेनेझुएलाच्या आखाताच्या तोंडाशी होती. तिनं रिफायनरीकडे ढुंकून पाहिलं नाही. तिनं ते छोटे टँकर गाठले. मोनागास, तिया हुआना, सान निकोलास असे तीन बुडवले. झालं! बाकीच्या टँकरांवरच्या माणसांनी संरक्षणाशिवाय निघायला नकार दिला. टाक्या शाबूत, यंत्रं शाबूत, माणसं जागेवर, आणि रिफायनरीला मालच नाही.

या नकाराची एक बाजू कुठे फारशी येत नाही. कुरासावच्या टँकरांवरचे बरेचसे खलाशी चिनी होते. त्यांनी जास्त संरक्षण मागितलं, काम थांबवलं, तर त्यांना छावणीत डांबलं. २० एप्रिल १९४२ रोजी त्या छावणीत पोलिसांच्या गोळीबारात पंधरा जण मेले. आदल्याच दिवशी यू-१३० या पाणबुडीनं कुरासावच्या बुलेन उपसागरातल्या टाक्यांवर तोफ डागली होती. किनाऱ्यावरच्या तोफांनी उलट मारा केल्यावर ती पसार झाली, हाती विशेष काही न लागता.

दुसरी जागा कॅलिफोर्निया, सांता बार्बरापासून १२ मैलांवरचं एलवुड तेलक्षेत्र. २३ फेब्रुवारी, संध्याकाळी सातनंतर. अध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर देशाशी बोलत होते, घरोघर लोक ऐकत बसलेले. जपानी पाणबुडी आय-१७ वर आली, कप्तान कोझो निशिनो. हिची तोफ आणखी मोठी, १४ सेंटिमीटरची, आणि बूच काढलेलं. वीसेक मिनिटं मारा चालला. गोळ्यांचे आकडे १६ पासून २५ पर्यंत दिले जातात. बरेच पाण्यात पडले, काही डोक्यावरून जाऊन मागच्या रानात. एका पंपघराचं आणि धक्क्यावरच्या लाकडी वाटेचं नुकसान झालं. एकूण अंदाज ५०० डॉलर. पाचशे.

निशिनोबद्दल एक दंतकथा आहे. युद्धाआधी तो टँकर घेऊन इथे तेल भरायला आला होता म्हणे, किनाऱ्यावर पाय घसरून निवडुंगात बसला, कामगार हसले, आणि त्याचा त्यानं सूड घेतला. पुरावा काही नाही. पण गोष्ट इतकी गोड आहे की मरत नाही.

तोफ का चालत नाही हे उघड आहे. पाणबुडीचं डेक पाण्याला टेकलेलं आणि डोलणारं. नेमबाजीला डोळा आणि अंदाज. गोळे खालून हातोहात वर आणायचे. आणि वर राहाल तितका वेळ जीव धोक्यात. माझं म्हणणं इतकंच, की पाणबुडीच्या बाबतीत टाकीची काळजी करणारे चुकीच्या जागी बघताहेत. टाकीकडे येणारी बोट बघा.

---

आळशी_मगर

बूच!!! आणि आमच्या घरी मी कुकरची शिट्टी लावायला विसरलो की बोलणी बसतात.

लेख आवडला. पाचशे डॉलरमध्ये पाणबुडीचं जायचं-यायचं डिझेल तरी निघालं असेल का?

---

टाकीखालचा_माणूस

निवृत्त, बत्तीस वर्षं टँकफार्म आणि पंपहाउस. थोडी भर घालतो, थोडं भांडतो.

लोकांना वाटतं तेलाची टाकी म्हणजे बॉम्ब. तसं नसतं. पेटायला तेलाची वाफ आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. जड कच्च्या तेलानं भरलेल्या टाकीला छोट्या गोळ्यानं भोक पडलं तर बहुधा तेल गळत बसेल. ते डाइकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात, साठतं. अख्खी टाकी फुटली तरी मावेल अशा हिशेबानं तो बांधलेला असतो. आम्हाला भीती भरलेल्या टाकीची कमी आणि हलका माल काढून घेतलेल्या, आत वाफ कोंडलेल्या टाकीची जास्त. फ्लोटिंग रूफ, म्हणजे तेलावर तरंगणारं छप्पर, त्यासाठीच असतं. तेल आणि छप्पर यांच्यामध्ये वाफेला जागाच ठेवायची नाही.

भांडण इथे: सगळ्या टाक्या क्रूडच्या नसतात. पेट्रोल-नाफ्त्याच्या रांगेत १४ सेंटिमीटरचा एक गोळा नीट बसला असता तर तुमच्या लेखाचा सूर वेगळा असता. "पोचा पडला" हे नशीबही होतं. सगळं तत्त्वज्ञान बुचावर उभं करू नका.

---

खारा_वारा

@टाकीखालचा_माणूस, मान्य. अरुबात मोठी तोफ चालली असती तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही. पण एलवुडला तर चालली ना, वीस मिनिटं!

---

पॅसिफिक_पुणेकर

अरे, एलवुड म्हणजे आमचं गोलेटा! एमएस करताना दोन वर्षं तिथे काढली. विद्यापीठ समुद्राला अगदी चिकटून आहे, आणि सायकलनं थोडं पश्चिमेला गेलं की हाच किनारा. आता गोल्फचं मैदान आणि महागडं रिसॉर्ट आहे. रस्त्याला १९२९ सालचा एक जुना पेट्रोलपंप उभा दिसतो, स्पॅनिश थाटाचा, बंद पडलेला. तेवढीच तेलाच्या दिवसांची खूण.

किनाऱ्यावर अनवाणी चाललात तर तळव्याला डांबर चिकटतं. पहिल्यांदा वाटलं कुठल्या तरी बोटीची गळती. पण नाही, जवळच कोल ऑइल पॉइंट आहे, तिथे समुद्राच्या तळातून तेल आणि वायू आपोआप झिरपतात, हजारो वर्षांपासून. तिथले मूळ रहिवासी चुमाश लोक याच डांबरानं आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांध्या बुजवायचे. पाय साफ करायला साबणाचा उपयोग नाही, खोबरेल लावायचं. आईनं दिलेल्या बाटलीचा तेवढाच उपयोग झाला.

हल्ल्यानंतर "एलवुडचा सूड घ्या" म्हणून युद्धरोखे विकले गेले होते. पाचशे डॉलरच्या नुकसानीवर!

---

मडगावकर

डांबराचे गोळे आमच्याकडेही येतात हो, पावसाळ्याच्या तोंडाला. फक्त आमचे नैसर्गिक नाहीत.

---

रेवती_ज

लेखात एक मोठी गोष्ट राहिली असं वाटतं. पाचशे डॉलरचं नुकसान म्हणून आपण हसतोय, पण याच हल्ल्यामुळे अमेरिकेनं जपानी वंशाच्या सव्वा लाखभर लोकांना उचलून छावण्यांत टाकलं. ते कुणाच्या हिशेबात?

---

खारा_वारा

@रेवती_ज, चांगलं केलंत काढलंत, मी घाबरत बाजूला ठेवलं होतं. पण क्रम तपासा. रूझवेल्टनी तो आदेश, क्रमांक ९०६६, सही केला १९ फेब्रुवारीला. हल्ला २३ चा. म्हणजे हल्ल्यामुळे आदेश निघाला नाही. हल्ल्यानं काय केलं, तर आदेशाला विरोध करू शकणाऱ्यांची तोंडं बंद केली. आकडा साधारण एक लाख वीस हजार, त्यात दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक.

आणि घबराट बघायची तर पुढची रात्र. २४-२५ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसमध्ये सायरन वाजले, ब्लॅकआउट झाला, विमानविरोधी तोफांनी १४०० च्या वर गोळे आकाशात उडवले. वर शत्रूचं एकही विमान नव्हतं. मेले ते अंधारातल्या मोटार अपघातांत आणि हृदयविकारानं.

---

रेवती_ज

तारखेची दुरुस्ती मान्य. पण मग तुमच्या लेखाचा निष्कर्षच हलतो ना? तोफेनं पंपघर पडलं नाही, पण अख्ख्या शहरानं रात्रभर स्वतःच्याच आकाशावर गोळीबार केला. निशिनोला याहून जास्त काय हवं होतं? टाकी हा निशाणा नव्हताच कदाचित. रेडिओला कान लावून बसलेली माणसं हा निशाणा होता. भाषण चालू असतानाच मारा, ही वेळ उगाच साधली जात नाही.

---

खारा_वारा

हलतो थोडा. एलवुडपुरता मागे घेतो. अरुबापुरता नाही.

---

चिंचपोकळीकर

सगळं ठीक, पण कराची विसरलात? ७१ साली कराची बंदरातल्या किमाडीच्या तेलाच्या टाक्या दिवसेंदिवस जळत होत्या. मी सात वर्षांचा होतो, चाळीत खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि वडील सांगायचे आपल्या बोटींनी कराची पेटवली. तिथे कुठे पोचा पडला?

---

माजी_मरीनर

@चिंचपोकळीकर, त्या पाणबुड्या नव्हत्या, क्षेपणास्त्र नौका होत्या. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर, त्यांनी खैबर आणि मुहाफिझ ही जहाजं बुडवली. मग ८ तारखेच्या रात्री एकटी विनाश, बरोबर त्रिशूल आणि तलवार. विनाशनं चार क्षेपणास्त्रं सोडली, त्यातलं एक किमाडीच्या टाक्यांवर. हवाई दलाच्या हंटर विमानांनीही त्या टाक्यांवर हल्ले केले होते, आणि आग कुणाची यावर दोन्ही दलांचे निवृत्त लोक अजून भांडतात. मी नौदलाचा नाही, मर्चंट नेव्हीचा, म्हणून तटस्थ!

फरक असा की ते क्षेपणास्त्र रडारनं स्वतः निशाणा शोधत जातं. १९४२ च्या पाणबुडीवर एक माणूस दुर्बीण लावून "थोडं डावीकडे" म्हणत होता.

यापेक्षा चांगलं उदाहरण १९१४ चं मद्रास आहे. जर्मन क्रूझर एम्डेननं २२ सप्टेंबरच्या रात्री बर्मा ऑइलच्या टाक्यांवर सव्वाशेच्या आसपास गोळे टाकले आणि टाक्या धडाधड पेटल्या. गंमत बघा, एम्डेनच्या तोफाही १०.५ सेंटिमीटरच्याच, यू-१५६ सारख्या. पण त्या दहा होत्या, एका स्थिर जहाजावर, सर्चलाइटच्या उजेडात. आणि टाकीत रॉकेल. टाकीखालचे काका म्हणतात तो मुद्दा इथे बसतो.

---

टाकीखालचा_माणूस

काका म्हटल्याबद्दल निषेध. बाकी बरोबर.

---

मडगावकर

मग आमच्या गोव्याचीही एक गोष्ट. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीची एरेनफेल्स, द्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि इटलीचं अँफोरा अशी चार जहाजं मुरगावात अडकून पडली होती. पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे ब्रिटिशांना हात लावता येईना. एरेनफेल्सवरच्या रेडिओवरून पाणबुड्यांना बातम्या जातात असा ब्रिटिशांचा संशय. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले पोट सुटलेले कारकून-व्यापारी, काही कलकत्त्याहून वळसा घालून आलेल्या गाळवाहू बोटीतून आणि बाकीचे रेल्वेनं कोचीनला येऊन त्याच बोटीत बसून, इथे आले आणि रात्री एरेनफेल्सवर चढले. जर्मनांनी आपली जहाजं आपणच पेटवून बुडवली. आजी सांगायची, मुरगावात त्या रात्री आग दिसली, पण कुणी काही बोलायचं नाही. बरीच वर्षं ते गुपितच होतं.

विषयांतर वाटलं तर सांगा, पण धागाकर्ते म्हणतात ना टाकीकडे येणारी बोट बघा. ती बोट कधी निघाली हे कुणीतरी सांगावं लागतं.

---

दाभोळची_खाडी

त्या चिनी खलाशांवर थांबले. माझ्या आईचे वडील ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर आगवाले होते, आमच्या गावातले निम्मे पुरुष तेच. सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, माणसं जमवायची, गावची गावं एका बोटीवर. आगवाल्याची जागा बोटीच्या पोटात, बॉयलरपाशी. टॉर्पेडो लागतो तो तिथेच. वर डेकवरच्याला निदान उडी मारता येते.

नाना युद्धात दोनदा मुंबईहून आफ्रिकेला जाऊन आले. १९४२ च्या नोव्हेंबरात टिलावा बुडाली, मुंबईहून मोंबासाला निघालेली, जपानी आय-२९ नं टॉर्पेडो टाकला, २८० माणसं गेली. त्यानंतर आजीनं त्यांना जाऊ नका म्हणून हात धरला. ते गेले. पगार थकलेला होता आणि नाही म्हटलं तर पुढची बोट मिळत नसे. तुम्ही लिहिलंत "संरक्षणाशिवाय निघायला नकार दिला". हे एक वाक्य आहे. नकार देणाऱ्याचं काय होतं हे तुम्ही पुढे लिहिलंत म्हणून आभार. आमच्याकडच्यांनी १९३९ मध्ये ब्रिटनच्या बंदरांत काम बंद ठेवलं होतं पगारासाठी, त्यातही कित्येक तुरुंगात गेले.

---

खारा_वारा

@दाभोळची_खाडी, नानांच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या असतील तर वेगळा धागा काढा, कृपया. आगवाल्यांवर मराठीत फार थोडं आहे.

---

आळशी_मगर

एक बाळबोध शंका. त्या पाय गेलेल्या अधिकाऱ्याचं आणि करवतवाल्या पाणबुडीचं पुढे काय झालं?

---

खारा_वारा

यू-१५६ नं त्याच वर्षी सप्टेंबरात लाकोनिया हे जहाज बुडवलं. आत इटालियन युद्धकैदी आहेत हे कळल्यावर हार्टेनश्टाइन बुडणाऱ्यांना वाचवायला लागला, होड्या मागे बांधून ओढत होता, तेवढ्यात अमेरिकन विमानानं त्याच्यावर बॉम्ब टाकले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय. मार्च १९४३ मध्ये बार्बाडोसच्या पूर्वेला कॅटालिना विमानानं पाणबुडी बुडवली. एकही वाचला नाही.

फॉन डेम बोर्न पाय गमावून मार्टिनिकला राहिला होता, म्हणून युद्धातून जिवंत सुटला.

आणि पेडेर्नालेस, तो पहिला टँकर, मधोमध फाटला होता. त्याचा मधला भाग काढून पुढचा आणि मागचा तुकडा एकमेकांना जोडला, ते आखूड जहाज बाल्टिमोरला नेलं आणि तिथे नवीन मधला भाग बसवला. म्हणजे त्या रात्रीनंतर तोफही आखूड झाली आणि जहाजही.

---

टाकीखालचा_माणूस

बुचावरून आठवलं ते सांगून टाकतो.

शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद असताना, पाइपलाइनीत ब्लाइंड घालतात, म्हणजे दोन फ्लँजच्या (पाइपांच्या जोडाच्या कडांच्या) मध्ये लोखंडी चकती, पलीकडचा माल अलीकडे येऊ नये म्हणून. प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची नोंद. परत सुरू करण्याआधी सगळ्या काढायच्या, मोजायच्या, सही करायची. एका वर्षी, कुठे ते सांगत नाही, एकतीस घातल्या होत्या आणि मोजणीत तीस भरल्या. इन्चार्ज म्हणाले नोंदीत चूक असेल, सकाळी क्रूड आत घ्यायचंय, सही करा. मी नवखा होतो. माझ्या फोरमननं पेन खिशात घातलं आणि म्हणाले, "साहेब, चहा घेऊन येतो."

चहाला म्हणून गेलेला माणूस रात्री दोनपर्यंत टॉर्च घेऊन पाइपरॅकवर फिरत होता, मी मागून. एकतिसावी सापडली एका व्हॉल्व्हच्या मागे, तिच्यावर कुणीतरी रंगाचा हात मारलेला. ती अजून माझ्याकडे आहे. गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली ठेवलीय.